जुनी अमेरिकन गाडी ओळखताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियात मिलपिटासमधल्या किराणा दुकानासमोर रविवारी सकाळी पार्किंग मिळणं म्हणजे नशीबच. दोन एसयूव्हींच्या मधे जागा रिकामी दिसली, वळलो आणि करकचून ब्रेक दाबला. आत फिकट निळी फोर्ड मस्टँग उभी होती, शेजारच्या गाड्यांच्या खिडक्यांपेक्षा जेमतेम उंच. "खेळण्यातली आहे का?" बायको म्हणाली. मागून मुलगा म्हणाला, "शेजारच्या काकांकडे आहे तीच, नवीन आहे." मी त्याला गाड्यांवर व्याख्यान द्यायला उतरलो आणि दहा मिनिटांत स्वतःच तोंडावर पडलो. ते कसं, हे पुढे सांगतो.

पहिली चूक म्हणजे लांबलचक गाडीच शोधत राहणं. आमच्या बाबांना परदेशी बनावटीची कुठलीही लांब गाडी दिसली की ती 'इम्पाला'च वाटायची. १९५९ च्या कॅडिलॅकचा फोटो पाहिला असेल तर हा समज होणारच: लांबी २२५ इंच, म्हणजे ५.७ मीटर, आणि मागे आकाशाकडे निघालेले पंख. पण १९६५ ची मस्टँग साधारण ४.६ मीटरची. आजची टोयोटा कॅमरी तिच्यापेक्षा चांगली वीतभर लांब भरते. उंचीला मस्टँग १.३ मीटर, तर आजच्या एसयूव्ही १.७ च्या आसपास. त्यामुळे पार्किंगमध्ये जुनी गाडी शोधायची तर टपांची रांग पाहा आणि जिथे दात पडल्यासारखी फट दिसेल तिथे चालत जा. बहुतेकदा तिथे हॅचबॅक निघते. कधीतरी नाही.

दुसरी चूक मुलाने केली. नव्या गाडीत जुना चेहरा बसवायची अमेरिकन कंपन्यांना मधल्या काळात फार हौस आली होती. २००२ ते २००५ ची थंडरबर्ड, क्रायस्लरची पीटी क्रूझर, २००५ पासूनची मस्टँग, २००८ पासूनची चॅलेंजर. लांबून फसायला होतं. जवळ गेलात की मागे जा. १९६५-६६ च्या मस्टँगला मागच्या दोन दिव्यांच्या बरोबर मधे गोल झाकण असतं, ते फिरवून उघडायचं आणि पेट्रोल भरायचं. २००५ च्या मस्टँगलाही तिथे गोल चकती आहे, पण ती निव्वळ शोभेची. पेट्रोलचं खरं झाकण बाजूच्या पत्र्यात आहे. मग बंपर पाहा. जुन्याचा क्रोमचा, पत्र्यापासून सुटा, बाहेरून बोल्टने आवळलेला. नव्याचा प्लास्टिकचा आणि गाडीच्याच रंगाचा. जुन्या गाडीच्या दारावर टपाच्या कडेला पावसाचं पाणी वळवणारी बारीक पन्हळ असते. चाकं लहान, चौदा इंची, आणि रबर भरपूर. नव्या गाडीला चाकाचं धातू जास्त आणि रबराची नुसती किनार.

यापेक्षाही सोपी युक्ती म्हणजे काय नाहीये ते शोधणं. उजव्या बाजूचा आरसा नाही. सीटवर डोकं टेकायला उशी नाही. मागच्या काचेत तिसरा ब्रेकलाइट नाही. या तिन्ही गोष्टी नसलेली गाडी पार्किंगमध्ये दिसली, तर ती पन्नाशी उलटलेली असायची शक्यता दांडगी.

वर्ष सांगताना मात्र लोक सगळ्यात जास्त घसरतात, कारण ते नावाच्या पट्ट्या वाचतात. त्यापेक्षा सरकारने जे लावायला लावलं ते वाचावं. १९६८ च्या मॉडेलपासून अमेरिकेत गाडीच्या कुशीवर, पुढच्या-मागच्या चाकांच्या आसपास, छोटे दिवे किंवा रिफ्लेक्टर सक्तीचे झाले. ते नसतील तर गाडी १९६७ ची किंवा त्याआधीची. १ जानेवारी १९६९ नंतर बनलेल्या गाड्यांना पुढच्या सीटवर हेडरेस्ट आलं. १९७३ ला पुढचा आणि १९७४ ला मागचा बंपर ताशी पाच मैलांची धडक सोसेल असा करावा लागला, म्हणून त्यानंतरच्या गाड्या ओठ पुढे काढून रुसल्यासारख्या दिसतात. आयताकृती हेडलाइटला परवानगी १९७५ ला मिळाली, आणि तिसरा ब्रेकलाइट १९८६ च्या मॉडेलपासून. एवढं पाठ असलं की नाव माहीत नसलेल्या गाडीचंही वय सांगता येतं.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण शेवरोलेच्या कॅमॅरोचं. १९६७ आणि १९६८ ची गाडी शेजारी उभी केली तर जुळ्या बहिणी. फरक इतकाच, की १९६७ च्या दाराला पुढे ती त्रिकोणी, फिरणारी काच आहे, आपल्याकडच्या फियाटला असायची तशी. (त्या काचेतून हाताचं कोपर बाहेर काढून बसणारे मुंबईचे टॅक्सीवाले अजून डोळ्यांसमोर आहेत.) १९६८ ला ती काच गेली आणि कुशीवर दिवे आले.

आता माझी चूक. निळ्या मस्टँगच्या पुढच्या जाळीत घोड्याच्या चिन्हाच्या चौकटीतून डावी-उजवीकडे आडव्या पट्ट्या निघालेल्या होत्या. १९६६ ला साध्या मस्टँगमधून त्या काढल्या आणि घोडा जाळीत तरंगता ठेवला, हे मला माहीत होतं. मडगार्डवर व्ही आकाराचं २८९ लिहिलेलं, म्हणजे आठ सिलिंडरच्या व्ही-एट इंजिनचं, चिन्हही होतं. मी मुलाला ठणकावून सांगितलं, "१९६५. व्ही-एट इंजिन." तेवढ्यात मालक आले, एक आजोबा, हातात मेथीच्या दोन जुड्या. ऐकून हसले आणि म्हणाले, आधी चाकाचे नट मोज. मोजले. चार.

त्या काळच्या मस्टँगमध्ये सहा सिलिंडरच्या गाडीची चाकं चार नटांवर आणि व्ही-एटची पाच नटांवर बसवलेली असत. त्यांनी बॉनेट उघडलं. (इथे त्याला हूड म्हणतात आणि डिकीला ट्रंक, वीस वर्षं झाली, माझ्या तोंडात अजून बॉनेट-डिकीच येतं.) आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर ठोकलेला गाडीचा चेसिस नंबर दाखवला. पहिला आकडा ६, म्हणजे १९६६. इंजिनच्या जागी टी, म्हणजे दोनशे घन इंचांचं सहा सिलिंडरचं. पुढची जाळी आधीच्या मालकाने कुठल्याशा धडकेनंतर मिळेल ती बसवली होती, आणि २८९ ची चिन्हं हौसेखातर लावली होती.

जे नट-बोल्टने लागतं ते बदलतं. जाळी, चिन्हं, पट्टे, चाकं यांवर गाडीचं वर्ष ठरवू नका. पत्र्यात दाबून घडवलेलं काय आहे ते बघा: खिडकीचा आकार, पेट्रोलच्या झाकणाची जागा, कुशीवरच्या दिव्यांची भोकं. दोन खुणा एकमेकींशी भांडत असतील तर पत्र्याची बाजू घ्या. आणि मालक दाखवायला तयार असेल तर नंबर. तोही सगळं सांगतोच असं नाही. १९६६ ते १९७१ च्या पॉन्टिॲक जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो, म्हणून त्याच कंपनीच्या साध्या टेम्पेस्टला जीटीओची चिन्हं लावलेली पकडता येते. पण १९६४ आणि १९६५ च्या नंबरात तसं काही नाही, तिथे जुनी कागदपत्रंच लागतात. सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर दिसला तर गाडी १९८१ ची किंवा त्यानंतरची, मग वर कितीही क्रोम असो.

निळ्या मस्टँगच्या नंबरातलं दुसरं अक्षर आर होतं. आर म्हणजे फोर्डचा सॅन होजे कारखाना, आणि तो प्रत्यक्षात होता मिलपिटासलाच. १९८३ ला बंद पडला. आज आपण दिवाळीच्या आधी जिथे कपड्यांचे सेल धुंडाळतो तो ग्रेट मॉल म्हणजे तीच इमारत. ही गाडी जन्मली तिथून जेमतेम काही मिनिटांच्या अंतरावर मेथी घ्यायला आली होती. न्यू जर्सीकरांनी वाईट वाटून घेऊ नये: दुसऱ्या जागी टी असेल तर ती मेटुचनची, आणि तो कारखाना होता एडिसनमध्ये.

नंबरप्लेटवरही विसंबू नका. कॅलिफोर्नियाने साठच्या दशकातली काळ्यावर पिवळी प्लेट २०१५ पासून पुन्हा द्यायला सुरुवात केली. पैसे भरले की टेस्लालाही लागते. आवाजाचंही तेच, आजच्या पिकअपही गुरगुरतात. वास मात्र सहसा फसवत नाही. १९७५ च्या आधीच्या गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, आणि त्या वर्षापर्यंतच्या मॉडेलना इथे धुराची तपासणीही माफ आहे. पुढची गाडी सिग्नलला थांबल्यावर नाकात कच्च्या पेट्रोलचा भपका आला तर तिच्याकडे जरा नीट बघा.

आणखी एक, पटकन. गोल दिवे आणि क्रोम दिसलं की गाडी अमेरिकन, असं नाही. बीटल जर्मन. आपली अँबेसेडर इंग्रजांच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, आणि जिला कॉलेजात आम्ही 'अमेरिकन मसल' म्हणून मिरवायचो ती काँटेसासुद्धा मुळात व्हॉक्सहॉल, म्हणजे विलायतेचीच.

मालक भेटले तर किंमत विचारू नका, गाडीला टेकून फोटो काढू नका. जीन्सच्या बटणाने रंगावर ओरखडा उठतो. गाडी किती वर्षं तुमच्याकडे आहे, एवढं विचारा. आजोबा अर्धा तास बोलले, मेथी उन्हात सुकली.

घरी पोचेपर्यंत मुलगा प्रत्येक थांबलेल्या गाडीच्या चाकाचे नट मोजत होता. शेजारच्या काकांच्या मस्टँगला पाच निघाले. मग तो मागे गेला आणि मधली गोल चकती फिरवून पाहू लागला. ती काही फिरली नाही.