दवाखान्याची लेखी कार्यपद्धती कशी तयार करावी

पुण्यातील पेठांमधल्या एखाद्या लहान दवाखान्यात एक डॉक्टर, एक सिस्टर, नोंदणीच्या टेबलावर एक जण आणि साफसफाईच्या मावशी एवढीच माणसे असतात, आणि कामाची सारी पद्धत त्यांच्या डोक्यात असते. सिस्टर आठ दिवस गावी गेल्या की लसींच्या फ्रिजचे तापमान कोणी नोंदवायचे, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच लेखी कार्यपद्धतीची गरज मोठ्या रुग्णालयांपेक्षा अशा दवाखान्यांना अधिक आहे, असे मला वाटते.

सुरुवातीला कोणाचा तरी तयार नमुना उतरवून घेऊ नये. आठवडाभर एक वही ठेवावी आणि प्रत्येक काम जसे होते तसे, ते करणाऱ्याच्याच शब्दांत, मराठीत लिहून घ्यावे. मावशींनी सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे, असेही चालेल.

त्यानंतर धोरण आणि कार्यपद्धती वेगळी करावी. रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे 72 तासांच्या आत द्यावीत, असे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारविषयक 2002 च्या नियमावलीत सांगितले आहे. ती द्यायचीच, हे झाले धोरण. अर्ज कोण घेणार, पोच कोण देणार, झेरॉक्स कोण काढणार आणि नोंद कोणत्या रजिस्टरमध्ये होणार, ही झाली कार्यपद्धती.

लेखनाला जिथे चूक महागात पडते तिथून हात घालावा. वापरलेली सुई टोचली तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली धुवावी, ती पिळू नये, बोट तोंडात घालू नये आणि लगेच डॉक्टरांना सांगावे, हे अगदी याच क्रमाने लिहावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधाची पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांत सुरू व्हावी लागते. त्यामुळे ससून रुग्णालयात किंवा अन्यत्र नेमके कोठे जायचे, सोबत कोण जाणार, हेही त्याच पानावर हवे. घाबरलेल्या माणसाला दुसरे पान उलटायला लावू नये.

लसींचे तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअस राखून दिवसातून दोनदा नोंदवावे. पुण्यात देखभालीसाठी वीज अनेकदा गुरुवारी बंद असते. त्या वेळी फ्रिजचे दार उघडू नये. तापमान मर्यादेबाहेर गेल्यास लसी ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून वेगळ्या, पण थंडच ठेवाव्यात आणि निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. धनुर्वात किंवा हिपॅटायटिस बी यांची लस गोठली तर ती निकामी होते, हे विसरले जाते, म्हणून ते ठळक लिहावे.

जैववैद्यकीय कचऱ्यासाठी 2016 च्या नियमांतील पिवळा, लाल, पांढरा आणि निळा हे रंग आणि प्रत्येकात काय टाकायचे, याचा तक्ता डब्यांच्या वरच लावावा. रजा आणि अपॉइंटमेंट यांना अर्धे पान पुरते.

मसुदा झाल्यावर नवख्या कर्मचाऱ्याला तो वाचून काम करायला सांगावे आणि तो जिथे अडखळेल, ते वाक्य बदलावे. प्रत्येक पानावर तारीख व डॉक्टरांची सही असावी. वर्षातून एकदा सगळे पुन्हा वाचावे, आणि पान बदलले की भिंतीवरची जुनी प्रत त्याच दिवशी काढून टाकावी.