पोटदुखीचं खरं कारण

माध्यमिक शाळेच्या पहिल्या आठवड्यात मुलगी रोज सकाळी पोट धरून बसायची. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. जुन्या मैत्रिणी दुरावल्या म्हणून असेल, असं धरून मी समजूत घालत राहिले. तिथेच चुकले. एका रात्री दिवा मालवल्यावर तीच बोलली, "आई, दर तासाला वेगळे शिक्षक, वेगळी वही. कुठली काढायची तेच कळत नाही गं."

आधी एकच बाई सगळं सांभाळायच्या. आता ते ओझं एकट्या तिच्यावर आलं होतं. मग प्रत्येक विषयाला एक रंग ठरवला. वही, पुस्तक आणि वेळापत्रकातला चौकोन, तिन्हीवर त्याच रंगाची पट्टी. वेळापत्रकाची छोटी प्रत कंपासपेटीत. दप्तर रात्रीच भरायचं, तेही तिनेच. मी नुसती शेजारी बसायचे. मध्ये हात घालावासा फार वाटे, पण आवरलं.

"दिवस कसा गेला?" विचारलं की "बरा" एवढंच उत्तर यायचं. "मधल्या सुट्टीत कोणाशेजारी बसलीस?" विचारल्यावर मात्र ती भरभरून बोलू लागली.

दुसरा आठवडा संपता संपता पोटदुखी थांबली. गणिताच्या तासाची धास्ती अजून आहे. त्यासाठी शिक्षकांना भेटणार आहे.