अनोळखी तलावावर गळ टाकण्याआधी

मासे डिसेंबरात पकडायचे असले तरी नव्या पाण्याची तयारी मे महिन्यात सुरू करायची. मुंबईच्या आसपासची आपली बहुतेक तळी म्हणजे धरणांचं अडवलेलं पाणी. नवरात्रात ती काठोकाठ असतात आणि वैशाख सरेपर्यंत त्यांचा बराचसा तळ उघडा पडतो. तेव्हा एक रविवार काढा, गळ घरी ठेवा आणि काठाने नुसते चाला. बुडालेला जुना रस्ता, शेताचे बांध, पडकी विहीर, वाळक्या झाडांचे खुंट आणि मूळ ओढ्याचं पात्र, सगळं समोर दिसतं. मोबाइलवर फोटो घ्या, पण प्रत्येक फोटोत मागचा एखादा डोंगर किंवा विजेचा खांब येऊ द्या. पाणी भरल्यावर जागा ओळखायला तेवढीच खूण उरते.

मे हुकला असेल तर गूगल अर्थमध्ये त्याच जागेची जुनी उपग्रह चित्रं उघडा आणि उन्हाळ्यातलं एखादं शोधा. घरबसल्या ओढ्याचं वळण सापडतं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल असतं आणि थंडीत मासे तिथे उतरतात. जलसंपदा विभाग धरणांचा साठा रोज जाहीर करतो. निघण्याच्या आदल्या दिवशी तो बघून घ्या, म्हणजे चित्रातला बांध आज पाण्याखाली आहे की कोरडा, याचा अंदाज येतो.

कुठला मासा हवा, हेही आधी ठरवा. व्हिडिओत दिसणारा अमेरिकन बास आपल्या तळ्यांत शोधू नका. आपला जिताडा इंग्रजीत ‘सी बास’ म्हणवतो खरा, पण तो खाडीचा आणि खाजणाचा. गोड्या पाण्यात दबा धरून बसायचं काम मरळ करते. तिच्यासाठी उथळ पाणी, कमळाची पानं, पाणगवताची कड बघा. ती हवा घ्यायला वर येते, त्यामुळे दहा मिनिटं गप्प उभं राहिलं की स्वतःच पत्ता देते. पावसाळ्यात मात्र तांबूस पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला तर त्यावर आमिष टाकू नका. खाली आईबाप राखणीला असतात आणि ते गेले की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. रोहू, कटला हवे असतील तर उतार संपून तळ सपाट होतो ती जागा बघा, आणि वारा ज्या काठावर आदळतो तो काठ. तरंगतं खाणं तिथेच गोळा होतं.

परवानगीचं काम फोनवर उरकत नाही. मुंबईला पाणी पुरवणारी तळी विसरा. विहार आणि तुळशी तर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतच आहेत. पवईला अँगलिंग असोसिएशनकडे रीतसर चौकशी करा, आणि तिथे पाण्यात पाय घालून उभं राहायचं नाही, मगरी आहेत. गावाकडच्या तलावाचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. बीज त्यांनी सोडलेलं असतं, तेव्हा विचारून, पैसे भरून, पावती घेऊन बसा. आणि काठावर म्हशी राखणाऱ्या आजोबांना ‘मासे कुठे लागतात?’ असं विचारू नका. शहरी माणसाला ते हात लांबवून अख्खा तलाव दाखवतात. ‘उन्हाळ्यात शेवटचं पाणी कुठे उरतं, बाबा?’ असं विचारा. मला या एका प्रश्नाने जितके डोह दाखवले तितके कुठल्या यंत्राने दाखवले नाहीत.

पहिल्या दिवशी पहिला तास आमिष लावूच नका. तंगुसाला नुसतं शिसं बांधून पंख्यासारखं चहूकडे फेका आणि तळाला लागेपर्यंत आकडे मोजा. आठ, आठ, नऊ आणि अचानक पंधरा आले की कडा सापडला. मग हळूहळू ओढा. टकटक लागलं तर दगड, जड ओढलं तर गाळ, अडकून सुटलं तर खुंट. हे वहीत उतरवा. माझी वही चहाच्या डागांनी भरली आहे, पण तिच्यातल्या खुणा अजून उपयोगी पडतात. शिसं दहा-बारा तरी न्या, निम्मी तळाला जाणार.

बाकी पिशवीत टोपी, दुप्पट पाणी, चिमटा, लाइफ जॅकेट आणि ओल्या मातीत भरलेली गांडुळं. पाणी ओसरलेल्या काठावर पाऊल टाकण्याआधी काठीने गाळ चाचपा, वरून सुकलेला दिसतो आणि माणूस मांडीपर्यंत आत जातो. पहाटेची कर्जत लोकल पकडलीत तर येतानाचीही वेळ लिहून ठेवा. मासे मिळाले असतील तर मालडब्यातच चढा. डब्यात म्हावऱ्याच्या पाट्या घेतलेल्या मावश्या असल्या तर त्या पिशवी उघडायला लावून मासा किती वजनाचा ते सांगतील, आणि ते तुम्ही घरी सांगणार असता त्यापेक्षा कमीच असतं.