मंडईच्या नाटकात लक्षात राहणारं पात्र कसं लिहावं

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावांत रात्री नाटक असतं आणि ते पहाटेपर्यंत चालतं. वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्या हंगामभर गावोगाव फिरतात. २०२३ साली इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे बाहेरच्यांचंही लक्ष गेलं. इथला प्रेक्षक चादर गुंडाळून, लेकराला मांडीवर झोपवून बसतो. मध्ये त्याचाही डोळा लागतो. जाग आल्यावर समोर कोण बोलतंय, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळलं पाहिजे. गावच्या मंडळासाठी पहिल्यांदा नाटक लिहायला बसलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवून कामाला लागावं.

पात्राला काय पाहिजे ते आधी ठरवा, आणि ते लहान ठेवा

नवा लेखक पात्राची ओळख त्याच्या दुःखानं करून देतो. कास्तकार म्हटला की कर्ज, नापिकी, कोरडी विहीर. यातलं खोटं काहीच नाही. पण समोर बसलेल्याला स्वतःचं कर्ज पाठ आहे, ते ऐकायला तो तिकीट काढत नाही. हा माणूस आता काय करतो, हे त्याला पाहायचं असतं.

समजा, तुमच्या नाटकात देवाजी नावाचा कास्तकार आहे. मंडईच्या पोस्टरवर देणगीदारांत आपलं नाव यावं, तेही साळ्याच्या नावाच्या वर, एवढीच त्याची इच्छा. त्यासाठी त्यानं धान कापणीच्या मजुरीचे पैसे वर्गणीत दिले. आता घरात हे असं निघतं:

– अजी, कापनीचे पैसे कोठी गेले?
– हायेत ना वो. पोस्टरवर हायेत.
– मंग पोस्टरलेच सांगा धान कापाले!

गरिबीबद्दल कोणी एक शब्द बोललेलं नाही, तरी ती सगळ्यांना दिसली. लोक हसले, आणि हसतानाच बांधीत उभ्या धानाची काळजी त्यांना लागली. मोठी इच्छा लिहिली असती, गावाचा उद्धार वगैरे, तर देवाजी भाषण देऊन मोकळा झाला असता. इच्छा लहान असली की माणूस लबाडी करतो, लपवतो, पकडला जातो, आणि नाटकाला पुढं जायला रस्ता मिळतो.

लपवायला काहीतरी द्या

दारुड्याचंच पाहा. झोकांड्या खाणारा, जीभ जड झालेला दारुड्या प्रत्येक नाटकात असतो आणि दुसऱ्या प्रवेशापर्यंत शिळा होतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. तेव्हा गडचिरोलीतल्या गावातला पिणारा माणूस झोकांड्या कशाला खाईल? तो सगळ्यांपेक्षा सरळ चालायची धडपड करेल. समोर पोलीस पाटील आला की गरज नसताना पावसापाण्याची विचारपूस करेल. अंतर ठेवून बोलेल, वास येऊ नये म्हणून तोंड फिरवेल. नटाला करायला भरपूर मिळतं, आणि प्रेक्षकाला त्याच्या पकडलं जाण्याची धास्तीही वाटते.

सवय त्या इच्छेतूनच काढा

डोळा मारणं, खांदा उडवणं, एकच वाक्य परत परत म्हणणं यावर थोडा वेळ टाळ्या मिळतात. देवाजीला नाव छापून पाहिजे ना? मग लग्नपत्रिका हातात आली की तो नवरा-नवरीची नावं सोडून आधी ‘निमंत्रक’ वाचेल. पानठेल्यावरचा जुना पेपरही उलटसुलट पाहील. सवय अशी असली की ती आठव्यांदाही चालते, कारण आज नाव सापडतं का, हे लोकांनाही पाहायचं असतं.

सावकाराला त्याची बाजू द्या

खलनायक स्वतःला खलनायक समजत नाही. रात्री अकराला बाईला दवाखान्यात न्यायचं असतं तेव्हा बँक बंद असते आणि सावकाराचं दार उघडतं, हे प्रेक्षकाला माहीत आहे. सावकाराला ते मोठ्यानं बोलून दाखवू द्या. त्याचं निम्मं बोलणं खरं निघालं की प्रेक्षक अस्वस्थ होतो, आणि पुढं तो सातबारा मागतो तेव्हा चीड दुप्पट येते. मिशीला पीळ देऊन खदाखदा हसणारा सावकार मात्र कोणालाच आपल्या गावचा वाटत नाही.

हसवणाऱ्यालाही भूक असू द्या

संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र असतो, तरी बोलतो प्राकृत आणि बहुतेक वेळा खाण्याच्याच गोष्टी काढतो. राजा विरहात बुडालेला असताना याचं चित्त लाडवात. युक्ती जुनी आहे, पण आजही लागू पडते: नायकाचं लक्ष जिथं आहे त्याच्या खाली, पोटाजवळ, हसवणाऱ्याचं लक्ष ठेवा. खडी गंमत या आपल्या लोकनाट्यातही सवाल-जवाबाच्या मध्ये असा कोणी तरी घुसतोच.

लंगडेपणा, तोतरेपणा, जात यांवर विनोद करू नका. हशा मिळेलही, पण ज्याच्यावर हसले तो किंवा त्याची माय तिथंच बसलेली असते. वरच्याची फजिती लिहा. पोळ्याला म्हणतात त्या झडत्या, म्हणजे टोमण्यांची पदं, ऐकल्या असतील तर हे वेगळं सांगायला नको. पाटील, सावकार, सरकार, सगळ्यांना त्या दोन-चार ओळींत खाली आणतात.

बोलणं झाकून पाहा

संहिता लिहून झाली की पात्रांची नावं हातानं झाका आणि दुसऱ्याला वाचायला द्या. कोण बोलतंय हे त्याला ओळखता आलं नाही, तर सगळे तुमच्याच तोंडानं बोलत आहेत. देवाजीची बायको त्याला ‘अजी’ म्हणेल, तालुक्याहून आलेला साहेब ‘अहो देवाजी’ म्हणेल, पोट्टे मागून नुसतं ‘पोस्टर’ म्हणतील. बोली सगळ्यांच्या तोंडी सारखीच घालू नका. शिकून आलेली पोरगी बापाशी झाडी बोलीत आणि साहेबाशी पुस्तकी बोलते. ती कुठल्या क्षणी भाषा बदलते, तिथं तिच्या मनातलं कळतं.

पहिल्या प्रयोगाला स्टेजकडे पाहू नका

मंडपाच्या मागच्या कडेला उभे राहा आणि लोक चहाला कधी उठतात ते वहीत टिपा. गाणं संपल्यावर उठले तर चालतं. पात्र बोलत असताना उठले, तर त्याच्या आधीची दोन पानं काढून पाहा. बहुतेक वेळा त्या जागी पात्रानं काही मागणं सोडून काही सांगायला सुरुवात केलेली असते. कंपनी तेच नाटक पुढच्या गावी करणार असेल तर दुरुस्ती तोवर नटांच्या हातात द्या. पाठांतर बिघडतं म्हणून ते कुरकुरतील, पण कापणीला कुरकुर कमी असते, नव्या वाक्यांना जास्त. म्हणून आधी कापा.