आधी आईला विचारा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या, बोलता न येणाऱ्या मुलांच्या आया-आज्यांना दुखणं ओळखायला शिकवते. या कामात नव्याने येत असाल तर दुखणं मोजायचा तक्ता काढण्याआधी आईला विचारा, "तुमचं लेकरू बरं असतं तेव्हा कसं असतं?"

हे मला उशिरा कळलं. सात वर्षांचा एक मुलगा पायाचे व्यायाम सुरू केले की शर्टाची कॉलर चावायचा. मला वाटलं, कंटाळतोय. त्याची आई दोनदा म्हणाली, "ताई, दुपटं बदलतानाही असंच करतो." मी ऐकलं आणि पाय ताणतच राहिले. पुढे एक्स-रेत खुब्याचा सांधा सरकलेला निघाला. ती ओली, दातांनी विरलेली कॉलर अजून डोळ्यांपुढे येते.

सुधारित फ्लॅक मापन (r-FLACC), म्हणजे मुलाच्या वागण्यावरून दुखणं गुणांत मोजायची पद्धत, नीट शिकून घ्या. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होणं, प्रत्येकाला 0 ते 2, एकूण 10 गुण. यात आईने आपल्या मुलाची खास खूण भरायची सोय आहे. मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच देते. कुणी दुखताना हसतं, कुणी एकदम गप्प होतं. आजीला लिहिता येत नसेल तर मोबाइलवर दोन व्हिडिओ काढायला सांगा, एक चांगल्या दिवसाचा, एक किरकिरीचा. डॉक्टरांनाही ते दाखवता येतात.

"त्याला सवयच आहे" असं घरचे म्हणतील. तेव्हा एकेक करून तपासायला लावा: पोट साफ झालं का, जेवणानंतर घशाशी येतं का, दात, कान, घट्ट झालेला स्प्लिंट (हातापायाला आधार द्यायचा साचा), एकाच कुशीवर फार वेळ झोपणं.

औषधाचा तास घाईत उरकू नका. पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलीत 120 मिलिग्रॅमचं मिळतं आणि 250 चंही. लहान बाळांचे थेंब याहून तीव्र असतात. म्हणून घरातल्या बाटल्या वर्गात मागवा. डॉक्टरांनी वजन बघून दिलेला डोस त्याच बाटलीसाठी किती मिली होतो, ते त्यांच्याकडून पक्कं करून मार्करने बाटलीवर लिहा. घरातल्या चमच्याऐवजी सुई नसलेली सिरिंज द्या आणि पाणी भरून प्रत्येकीकडून मोजून घ्या.

दोन आठवड्यांनी फोन करा आणि विचारा, "औषध दिल्यावर तासाभराने किती गुण होते?"