बोटीचं पेट्रोल इंजिन उन्हात मान टाकतंय? पंप कुठे बसवलाय ते बघा

सांगली-मिरजेकडचे आपण बहुतेक जण डिझेलवर हात बसवून बोटीकडे आलेलो. त्यामुळे इंजिन बंद पडलं की तोंडात पहिलं येतं, 'एअर धरली'. डिझेलला ते खरं असतं, ब्लीड केलं, म्हणजे पाइपातली हवा काढून टाकली, की सुटलो. कार्बोरेटरवाल्या पेट्रोल इनबोर्डचं, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाचं, दुखणं निराळं. बाहेरची हवा सहसा शिरलेली नसते. पाइपातल्या पेट्रोलचीच वाफ होते आणि पेट्रोल ओढणारा पंप नुसताच फडफडतो.

बोट पळत असताना सहसा काही होत नाही. घाटाला लावा, चहा घेऊन या, स्टार्टर मारा. थोडं चालेल आणि भर नदीत बंद पडेल. इंजिन थांबलं की गार पाणी फिरायचं थांबतं आणि ब्लॉकची सगळी धग पंपात आणि पाइपात चढते. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांलाच उकळायला लागतात, आणि आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे.

आता जिथे माझा एक अख्खा उन्हाळा गेला ते सांगतो. नुसत्या उष्णतेमागे लागू नका, ओढ बघा. उन्हाळ्यात कृष्णा उतरली की शेतकरी मोटार खाली सरकवतो, कारण पंप ढकलायला दांडगा असला तरी ओढायला कमजोर असतो. पेट्रोलचं तर त्याहून वाईट: ओढलं की पाइपातला दाब घटतो आणि दाब घटला की ते आणखी कमी तापमानाला उकळतं. म्हणून इलेक्ट्रिक पंप आणून इंजिनाशेजारी बसवला तर फायदा जवळपास शून्य. वायर कमी लागते म्हणून सगळे तिथेच बसवतात. पंप टाकीजवळ, जमेल तितका खाली घ्या. टाकी ते पंप पाइप आखूड, मधे फक्त फिल्टर. पुढची सगळी लाइन दाबाखाली राहते, तिथे वाफ सहजी धरत नाही. दाब मात्र कार्बोरेटरला सोसेल इतकाच ठेवा, नाहीतर त्यातली पेट्रोल अडवणारी सुई उचलून पेट्रोल ओसंडेल.

पंपाला ओलं फडकं गुंडाळायला सांगणारे उस्ताद भेटतील. फडक्याने इंजिन चालू होतं, म्हणूनच ते घातक. रोग तसाच राहतो आणि उस्तादाचे पैसे वसूल होतात.

गाडीचा पंप बोटीत लावू नका. खरंच नका लावू. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते आणि साध्या पंपाची एक ठिणगी पुरते. ठिणगी बाहेर न पडू देणारा मरीन पंपच घ्या आणि तो ऑइल प्रेशर स्विचवरून (इंजिनातल्या ऑइलला दाब असेल तोवरच करंट देणारा स्विच) जोडा, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही थांबेल. स्टार्टर मारण्याआधी ब्लोअर, म्हणजे तळाची वाफ बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालवा.

एवढं वाचून घाबरू नका. बऱ्याचदा बदल करायची वेळच येत नाही. टाकीची हवेची नळी कुंभारमाशीने मातीने लिंपलेली असते, फिल्टर तुंबलेला असतो, नाहीतर इथेनॉलने जुना रबरी पाइप आतून सोललेला असतो. आधी हे बघा. मग बोट घाटालाच बांधून, पंपाच्या अलीकडे पेट्रोलला चालणारा पारदर्शक पाइपाचा तुकडा तेवढ्यापुरता घाला. सकाळी गार इंजिनातही बुडबुडे दिसले तर कुठेतरी क्लिप ढिली आहे, हवा शिरतेय; ती आवळा आणि पंपाचे पैसे वाचवा. गार असताना स्वच्छ आणि तापल्यावरच फेस, तर मात्र पंप खाली न्यायच्या तयारीला लागा. तो तुकडा परत काढायला विसरू नका.