इंग्लंडमधल्या छोट्या खेड्याचा भूगोल आणि आरंभीचा इतिहास कसा शोधावा

इंग्लंडमधल्या एखाद्या लहान खेड्याची माहिती लिहायला घेतली की बहुतेक जण थेट चर्चपासून आणि १०८६ सालच्या डोम्सडे बुकापासून (राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीची नोंदवही) सुरुवात करतात. आम्ही क्रम उलटा ठेवायला सांगतो: आधी पाणी, मग माती, मग गावाची शीव आणि शेवटी कागद. शिवार डोळ्यांसमोर असलं की कागदांतले आकडे बोलू लागतात. एरवी ते नुसते उतरवले जातात.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० नकाशा घ्या. त्यात ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि डोंगराळ भाग सोडला तर दर ५ मीटरला समोच्च रेषा असते. चर्चची उंची, जवळच्या ओढ्याची उंची, शिवारातला सर्वांत उंच आणि सर्वांत सखल बिंदू टिपून घ्या. झरे आणि विहिरींच्या खुणाही घ्या. मग तीच जागा ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या मोफत ऑनलाइन नकाशावर पाहा. तिथे खालचा खडक आणि वरचा गाळ हे दोन थर वेगळे दाखवलेले असतात आणि दोन्ही पाहावे लागतात. सखल भागातलं गाव पुष्कळदा चिकणमातीवर साचलेल्या रेती-गोट्यांच्या कोरड्या पट्ट्यावर वसलेलं असतं. फक्त खडकाचा थर पाहिला, तर गाव चिकणमातीवर आहे असं चुकीचं लिहिलं जातं.

ऑक्सफर्डशरमधला अफिंग्टनचा परिसर यासाठी उत्तम नमुना आहे. व्हाइट हॉर्स हिल ही चॉकची (मऊ, पांढऱ्या चुनखडकाची) टेकडी २६१ मीटर उंच आहे. चॉकमध्ये पाऊस मुरतो, खालच्या पाणी न झिरपणाऱ्या थरावर अडतो आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. वुलस्टोन आणि ॲशबरी ही गावं पायथ्याच्या याच ओळीत आहेत. इथल्या पॅरिशच्या (एका चर्चच्या अखत्यारीतल्या गावाच्या) हद्दी टेकडीच्या माथ्यापासून खालच्या खोऱ्यापर्यंत लांबट पट्ट्यांसारख्या आहेत. म्हणजे प्रत्येक गावाच्या वाट्याला वर मेंढ्यांचं गायरान, मध्ये नांगरटीची जमीन आणि खाली ओलसर कुरण आलं.

या शिवेकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि आमच्या मते गावाचा सर्वांत जुना दस्तऐवज पुष्कळदा हीच असते. मात्र आजची हद्द वापरू नका. १८८०च्या दशकापासून तिच्यात बरेच बदल झाले. ऑर्डनन्स सर्व्हेच्या सहा इंची (एका मैलाला सहा इंच) नकाशाची पहिली आवृत्ती उघडा; नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ती मोफत आहे. हद्दीच्या ठिपक्यांलगत बारीक अक्षरं दिसतील: ‘आर.एच.’ म्हणजे हद्द कुंपणाच्या झुडपांच्या मुळाशी, ‘सी.एस.’ म्हणजे ओढ्याच्या मध्यावर. हद्द काटकोनात वळत पायऱ्यांसारखी जात असेल, तर ती आखली तेव्हा तिथली शेतं आधीच नांगरलेली असावीत. ती रोमन रस्त्याला धरून जात असेल, तर रस्ता हद्दीच्या आधीचा. मूळ पॅरिशपासून तुटलेला एखादा तुकडा दूर दिसला, तर तो बहुधा लाकडासाठी किंवा चराईसाठी राखलेला असतो.

काही गावांना अँग्लो-सॅक्सन काळातली, म्हणजे १०६६च्या आधीची, सनदही असते. सनद लॅटिनमध्ये असली तरी चतुःसीमा सहसा जुन्या इंग्लिशमध्ये असते: अमुक ओढा, अमुक काटेरी झाड, अमुक थडग्याचा उंचवटा. ‘इलेक्ट्रॉनिक सॉयर’ या सनदांच्या ऑनलाइन सूचीत क्रमांकाने शोधा आणि ती सनद अस्सल मानतात की नंतर रचलेली, हेही तिथेच पाहा.

गावाच्या नावाचा अर्थ आजच्या स्पेलिंगवरून कधीच लावू नका. सर्वांत जुनी नोंद शोधा. इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे काउंटीवार (जिल्हावार) खंड यासाठीच आहेत.

आता डोम्सडे बुक. इंग्लंडचा राजा विल्यम पहिला याने १०८५च्या नाताळात ग्लॉस्टर इथे या पाहणीचा निर्णय घेतला. नोंदी काउंटीवार आणि काउंटीत जमीनदारवार आहेत, म्हणून तीन मालकांत वाटलेलं गाव तीन ठिकाणी सापडतं. सगळ्या नोंदी गोळा करूनच बेरीज करा. ‘हाइड’ हे सारा आकारणीचं एकक आहे. १२० एकरांनी गुणून गावाचं क्षेत्रफळ काढणं ही सर्वांत नेहमीची चूक. (डॅनिश वस्तीच्या भागात त्याऐवजी ‘कॅरुकेट’, केंटमध्ये ‘सुलंग’.) जमीन खरोखर किती कसली जात होती ते नांगरांच्या संख्येवरून कळतं, एका नांगराला आठ बैल धरतात. माणसं मोजली आहेत ती कुटुंबप्रमुख म्हणून. २० व्हिलन (जमीनदाराला बांधलेले शेतकरी) आणि १० बॉर्डार (त्यांच्याहून कमी जमीन असलेली कुळं) लिहिले असतील तर ३० घरं, म्हणजे चार ते पाचने गुणून १२० ते १५० माणसं. पाणचक्कीची नोंद असेल तर ती चालवण्याइतका ओढा नकाशावर कुठे आहे ते तपासा. चर्चचा उल्लेख नाही म्हणून चर्च नव्हतं असं ठरत नाही. नॉर्थम्बरलंड आणि डरहॅम तर या पाहणीत नाहीतच.

मध्ययुगीन शेतीच्या खुणा एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या मोफत लायडार (विमानातून लेसरने जमिनीचा उंचसखलपणा मोजून केलेल्या) चित्रांत दिसतात. जुने सरी-वरंबे रुंद आणि उलट्या ‘एस’सारखे वळलेले असतात, कारण बैलांची लांब जोडणी बांधाजवळ येण्याआधीच वळवायला लागायची. सरळ, अरुंद वरंबे बहुतेक १९व्या शतकातले. ते मध्ययुगीन म्हणून लिहू नका. शेतांची नावं १८३६च्या कायद्यानंतर झालेल्या टाइद (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) नकाशांत मिळतात, पण ज्या गावांत जमिनी एकत्र करतानाच टाइद मिटवला होता तिथे हा नकाशा नसेल.

मग व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी या काउंटीवार इतिहासाच्या ग्रंथमालेतला मजकूर वाचा. बरेच खंड ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन या संकेतस्थळावर आहेत. काउंटी जुनी धरा: अफिंग्टन १९७४पर्यंत बर्कशरमध्ये होतं, म्हणून ते बर्कशरच्या खंडात सापडतं. तारखा उतरवताना लक्षात ठेवा, इंग्लंडमध्ये १७५२पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई. कागदावर फेब्रुवारी १६४० असेल, तर तुमच्या टिपणात १६४०/४१ असं लिहा.